अमेरिकन नाणी व स्मरणवस्तू यांतील राष्ट्रभावना

नाणे हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः राजवंश, कालनिर्णय आणि धातूची शुद्धता या तीन गोष्टींकडे जाते. ज्या देशात राजवंशच नाही आणि ज्याच्या जन्माची तिथी सर्वश्रुत आहे, त्या देशाची नाणी या दृष्टीने फारशी बोलकी असणार नाहीत, असे प्रथमदर्शनी वाटते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नाण्यांवर, पदकांवर व स्मरणवस्तूंवर कोणाची प्रतिमा असावी आणि कोणती अक्षरे असावीत, याविषयी तेथे विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि बाजारपेठेत वारंवार वाद झाले. हे वाद म्हणजे त्या राष्ट्राने स्वतःविषयी काय मानावे यासंबंधीचेच वाद होत. म्हणूनच प्रचारात आलेल्या नाण्यांइतकीच नाकारलेली, बदललेली आणि वितळविलेली नाणीही पुराव्यात घ्यावी लागतात.

जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे अध्यक्षपदाची शपथ घेतली, त्या प्रसंगी अंगरख्याला लावावयाच्या धातूच्या गुंड्या विकल्या गेल्या. त्यांतील काहींवर ‘अध्यक्ष चिरायू होवोत’ अशा अर्थाचा मजकूर होता. घोषणा जुनीच होती. केवळ ‘राजा’ या शब्दाच्या जागी ‘अध्यक्ष’ हा शब्द आला होता. तीन वर्षांनी टांकसाळीचे विधेयक पुढे आले, तेव्हा सिनेटने नाण्यावर विद्यमान अध्यक्षाचे मस्तक असावे असे सुचविले. प्रतिनिधिगृहाने ही सूचना राजेशाहीची द्योतक म्हणून फेटाळली. २ एप्रिल १७९२ च्या कायद्यान्वये नाण्याच्या एका बाजूस स्वातंत्र्याचे प्रतीक, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि वर्ष ही आवश्यक ठरली. परिणामी नेहमीच्या चलनातील नाण्यांवर १९०९ पर्यंत एकाही ऐतिहासिक व्यक्तीचे चित्र आले नाही. लोकांना मात्र वॉशिंग्टनचा चेहरा हवाच होता. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मृतीची चित्रे छापलेले चिनी मातीचे कुजे इंग्लंडमधील लिव्हरपूल व स्टॅफर्डशर येथून अमेरिकेत येऊ लागले. राज्याने जे नाकारले ते बाजाराने पुरविले. आणि पुरविणारे कारागीर कालच्या शत्रुराष्ट्राचे होते.

नव्या टांकसाळीचा पहिलाच प्रयोग उद्‌बोधक आहे. १७९३ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया येथे पाडलेल्या तांब्याच्या सेंटवर एका बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी होती आणि दुसऱ्या बाजूस पंधरा कड्यांची साखळी. तेव्हाच्या पंधरा संस्थानांचे ऐक्य या साखळीने दर्शवावयाचे होते. १७८७ च्या ‘फ्युजिओ’ सेंटवर तेरा कड्यांचे असेच वलय होते व त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. परंतु ‘लिबर्टी’ या शब्दाच्या पाठीशी साखळी येताच तिचा अर्थ पालटला. स्वातंत्र्याला हा अपशकुन आहे अशी टीका वृत्तपत्रांत झाली. सुमारे ३६,००० नाणी पाडून झाल्यावर साखळी गेली व तिच्या जागी पानांची माळ आली. १७९० च्या शिरगणतीनुसार त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. नाण्यावरील साखळी काही आठवड्यांत बदलता आली. प्रत्यक्षातील साखळी तुटण्यास आणखी सात दशके लागली.

स्वातंत्र्याच्या टोपीविषयीही असेच म्हणता येते. प्राचीन रोममध्ये मुक्त झालेल्या गुलामाच्या मस्तकी ही टोपी येई. ऑग्युस्तँ द्युप्रे याने फ्रँक्लिनसाठी पॅरिस येथे कोरलेल्या प्रसिद्ध पदकावर ती होती आणि तेथून ती अमेरिकन नाण्यांवर आली. एकोणिसाव्या शतकात आसनस्थ स्वातंत्र्यदेवीच्या हातातील काठीवर ती अनेक दशके झळकत राहिली. तथापि वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलच्या घुमटावर बसवावयाच्या पुतळ्याच्या मस्तकी ती ठेवण्यास १८५५-५६ च्या सुमारास युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस यांनी विरोध केला, कारण ते मुक्त गुलामांचे चिन्ह होते. पुतळ्याला शिरस्त्राण मिळाले. पुढे हेच डेव्हिस बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष झाले. चिन्हाचा मूळ अर्थ विरोधकाला किती अचूक ठाऊक असतो, याचे हे उदाहरण होय.

यादवी युद्धाने (१८६१-६५) नाण्यांचा प्रश्न व्यवहाराच्या पातळीवर आणला. लोकांनी सोन्यारुप्याबरोबर सेंटही दडवून ठेवले. १८६२ च्या उत्तरार्धात सुटी नाणी मिळेनाशी झाली. तेव्हा व्यापाऱ्यांनी सेंटच्या आकाराची खासगी नाणी पाडली. त्यांची संख्या सुमारे अडीच कोटी असावी, असा अंदाज आहे. काहींवर दुकानांच्या जाहिराती होत्या, तर काहींवर ध्वज व संघराज्याच्या रक्षणाच्या घोषणा. वित्तमंत्री जॉन डिक्स यांनी जानेवारी १८६१ मध्ये, राष्ट्रध्वज उतरविणाऱ्यास जागच्या जागी गोळी घालावी, अशी तार केली होती. ती आज्ञा काही नाण्यांवर कोरली गेली, आणि घाईमुळे एका साच्यात ‘स्पॉट’ चे ‘स्पूट’ झाले. देशभक्तीचे हे वाक्य चुकीसह हातोहात फिरले. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने एक व दोन सेंटांऐवजी चालणाऱ्या अशा खासगी नाण्यांना बंदी केली. त्याच कायद्याने निर्माण झालेल्या दोन सेंटच्या नाण्यावर ‘आमचा ईश्वरावर विश्वास आहे’ या अर्थाचे ब्रीद प्रथम उमटले. त्याची मागणी पेन्सिल्व्हेनियातील एका धर्मोपदेशकाने नोव्हेंबर १८६१ मध्ये वित्तमंत्री सॅमन चेस यांच्याकडे केली होती. राष्ट्र संकटात असताना आलेले हे ब्रीद सर्व नाण्यांवर व नोटांवर सक्तीचे झाले ते १९५५ साली, साम्यवादी रशियाशी शीतयुद्ध चालू असताना. दोन्ही वेळा या अक्षरांमागे भय होते, हे विसरून चालणार नाही.

१९०९ मध्ये अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांची प्रतिमा सेंटवर आली आणि १७९२ चा संकेत मोडला. प्रतिमा घडविणारे व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर हे लिथुआनियातून आलेले स्थलांतरित कलावंत होते. अध्यक्षाचे मुख सर्वांत हलक्या नाण्यावर आले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळातील एका प्रकरणाचा संबंध थेट मुंबईशी पोचतो. १९१८ च्या वसंतात हिंदुस्थानात नोटांच्या बदली चांदीचे रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली आणि सरकारजवळील चांदी संपत आली. २३ एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेने सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळविले. त्यांपैकी जवळजवळ २६ कोटींची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकण्यात आली. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींना या चांदीचा आधार मिळाला. ज्या धातूवर स्वातंत्र्यदेवी होती, त्यावर आता पंचम जॉर्ज यांचे मस्तक उमटले. वितळविलेल्या डॉलरांची भरपाई करणे कायद्यानेच बंधनकारक होते, आणि त्या ओघात १९२१ अखेर अँथनी डी फ्रान्सिस्की यांचा ‘शांतता डॉलर’ निघाला. मूळ आराखड्यात गरुडाच्या पायाखाली मोडकी तलवार होती. मोडकी तलवार पराभव दर्शविते, असा आक्षेप आला आणि साच्यातून तलवार पुसून टाकण्यात आली. विजेत्या राष्ट्राला शांततेचे नाणे हवे होते. परंतु स्वतःची तलवार मोडलेली पाहण्याची त्याची तयारी नव्हती.

स्मारकनाण्यांची परंपरा १८९२ च्या कोलंबस अर्ध्या डॉलरने सुरू झाली. या मालिकेत परस्परविरोधी स्मृती एकाच सरकारच्या शिक्क्याखाली आल्या. १९२५ च्या ‘स्टोन माउंटन’ अर्ध्या डॉलरवर रॉबर्ट ली आणि ‘स्टोनवॉल’ जॅक्सन हे दक्षिणेचे सेनापती अश्वारूढ आहेत. ज्या राज्याविरुद्ध ते लढले त्याचेच नाव मागील बाजूस आहे. अशी सुमारे २३ लाख नाणी पाडली गेली. १९४६ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या रूपाने प्रथमच एका कृष्णवर्णीय व्यक्तीची प्रतिमा अमेरिकन नाण्यावर आली. ती घडविणारे आयझॅक हॅथवे हेही कृष्णवर्णीय होते. १९५१ च्या नाण्यावर बुकर यांच्यासोबत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले व मागे ‘सर्वांना स्वातंत्र्य आणि संधी’ अशा अर्थाची अक्षरे आली. कृष्णवर्णीयांत साम्यवादाचा प्रसार होऊ नये, हा या नाण्याचा एक उघड हेतू होता. त्या वेळी दक्षिणेतील शाळा कायद्यानेच विभक्त होत्या. हा भेद घटनाबाह्य ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १७ मे १९५४ रोजी लागला. योगायोगाने स्मारकनाण्यांची ही पहिली मालिकाही त्याच वर्षी संपली.

नाण्यावरील अक्षरे ही वस्तुस्थितीचे वर्णन नसून बहुधा प्रतिज्ञा असतात, हे या उदाहरणांवरून दिसते. प्रतिज्ञा पाळली गेली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. उलट तिच्या आधारे पुढच्या पिढीला जाब विचारता येतो. मात्र राष्ट्रभावना टांकसाळीत निर्माण होते, असे समजणे चूक ठरेल. स्वातंत्र्याच्या १५० व्या वर्षी, १९२६ मध्ये, वॉशिंग्टन यांच्या शेजारी विद्यमान अध्यक्ष कूलिज यांचे मुख असलेली सुमारे १० लाख अर्ध्या डॉलरची नाणी पाडण्यात आली. १७९२ मध्ये जे निषिद्ध मानले होते तेच घडले होते. यांपैकी साडेआठ लाखांहून अधिक नाणी विकली न गेल्याने वितळविण्यात आली. उथळ ठसा हेही एक कारण असेल. तथापि एवढ्या मोठ्या उत्सवाचे नाणे लोकांनी घेतले नाही, ही गोष्ट उरतेच. नाण्याचा अभ्यास करताना ठशाबरोबर कायदा, त्यावरील वाद, पाडलेली संख्या आणि वितळविलेली संख्या ही चारही पाहिली पाहिजेत. संग्राहकाच्या पेटीत केवळ उरलेले नाणे असते. इतिहासकाराला न उरलेल्या नाण्यांचाही हिशेब ठेवावा लागतो.