शुश्रूषेला विद्येची जोड

आपल्याकडे एखाद्या घरची मुलगी बारावीनंतर नर्सिंगच्या पदवीला निघाली की एक प्रश्न हमखास कानी येतो : "चार वर्षे शिकायचे तरी काय?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. रुग्णसेवा ही अंतःकरणाच्या ओलाव्याची बाब. तिला पुस्तके कशाला हवीत, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ही समजूत किती महाग पडली आहे, हे इतिहास चाळल्यावर कळते.

आज या पदवीच्या विद्यार्थिनीला, आणि आता विद्यार्थ्यालाही, आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, पोषण, मानसशास्त्र व समाजशास्त्र शिकावे लागते. रुग्ण खाटेवर असतानाच चादर कशी बदलावी, नाडी व श्वास कसे मोजावेत, हेही तेव्हाच शिकायचे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र. मग प्रौढ रुग्णांची, बालकांची व मनोरुग्णांची परिचर्या, प्रसूतिविद्या आणि सामाजिक आरोग्य. अखेरीस संशोधन, संख्याशास्त्र व व्यवस्थापन. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नियमांनी हा चार वर्षांचा अभ्यास आठ सत्रांत विभागला आहे. यादी वाचायला सोपी आहे. पण तिच्यातील काही विषयांमागे मोठा झगडा आहे.

रुग्णसेवेची परंपरा ख्रिस्तसभेत जुनीच. संत व्हिन्सेंट दी पॉल व संत लुईझ दी मारियाक यांनी १६३३ साली फ्रान्समध्ये स्थापिलेल्या संघाच्या भगिनी मठाच्या भिंतींआड न राहता गोरगरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करीत. जर्मनीत थिओडोर फ्लीडनर या प्रॉटेस्टंट पाळकांनी १८३६ साली कैझर्सवर्थ येथे सेविकांना शिकविण्यास आरंभ केला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ साली तेथेच काही महिने शिकली. क्रिमियाच्या युद्धातील तिच्या हातचा दिवा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या हातचे आकडे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसतात. जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक सैनिक दगावले, हे तिने आकडेवारीने मांडले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने आपली पहिली स्त्री-सभासद म्हणून तिची निवड केली. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र कशाला, असे वाटणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि तो नमुना जगभर गेला. त्यात एक उणीव राहिली. शाळा रुग्णालयाच्या पदरी असल्याने शिकणारी मुलगी ही वॉर्डातील कामाचा एक स्वस्त हात ठरत गेली. दिवसभराच्या कामानंतर थकल्या अंगाने व्याख्यान ऐकायचे, अशी रीत कित्येक ठिकाणी पडली.

भारतात त्यावर आणखी एक अडसर होता. रक्त, मलमूत्र व बाळंतपण यांना विटाळ मानणाऱ्या समाजात कुलीन मुलगी हे काम पत्करणे कठीण. १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी पुढे आल्या. पहिली भारतीय परिचारिका म्हणून नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची नोंद आढळते. पुढील कित्येक दशके या व्यवसायातील मोठा वाटा ख्रिस्ती मुलींनी उचलला. समाजाने त्यांना "सिस्टर" म्हणून हाक मारली. पण लग्नाच्या बोलणीत हाच व्यवसाय आडवा येई, हेही खरे.

कॅथलिकांपुढे तर याहून वेगळी अडचण होती. व्रतस्थ भगिनींनी बाळंतपणे करणे ख्रिस्तसभेच्या तत्कालीन नियमांनुसार निषिद्ध होते. जिथे पडद्यातील स्त्री पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवीत नसे, तिथे अडलेल्या बाईपाशी पोहोचू शकणाऱ्या धर्मभगिनीचेच हात बांधलेले होते. डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश स्त्री-डॉक्टरांनी उतारवयात कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. त्यांच्या प्रयत्नांनी रावळपिंडीस स्त्रिया व मुलांसाठी रुग्णालय उभे राहिले. हा नियम बदलावा म्हणून त्यांनी रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. १९१३ साली त्या निवर्तल्या, तेव्हा नियम तसाच होता.

त्यांच्याशी केवळ पत्रव्यवहार झालेल्या, प्रत्यक्ष भेट कधीच न झालेल्या अॅना डेंगेल या ऑस्ट्रियन तरुणीने ते काम पुढे नेले. डॉक्टर होऊन त्या १९२० ते १९२४ या काळात रावळपिंडीस राबल्या. १९२५ साली त्यांनी वॉशिंग्टन येथे मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापन केला. आरंभी चौघीच होत्या : दोन डॉक्टर व दोन परिचारिका. नियमामुळे त्यांना जाहीर व्रते घेता येत नव्हती. त्याच सुमारास, १९२० पासून, डॉ. मेरी ग्लोरी ही ऑस्ट्रेलियन धर्मभगिनी रोमच्या खास परवानगीने गुंटूर येथे वैद्यकी करीत होती आणि स्थानिक मुलींना परिचारिका व सुईणी म्हणून तयार करीत होती.

अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आदेश निघाला. मिशन प्रदेशांतील माता व अर्भकांच्या सेवेसाठी भगिनींनी पुढे यावे आणि त्यासाठी डॉक्टरकीचे किंवा नर्सिंगचे रीतसर शिक्षण घ्यावे, असा त्याचा आशय. ज्या कामाला काल मज्जाव होता, ते आता सुशिक्षितपणे करणे इष्ट ठरले.

यानंतर दहाच वर्षांनी पदवी आली. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. समितीने विद्यापीठीय नर्सिंग शिक्षणाचा आग्रह धरला. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे बी. एस्‌सी. नर्सिंगचे वर्ग सुरू झाले. परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा. त्या वेळी आरोग्यमंत्री असलेल्या राजकुमारी अमृत कौर यांचे नाव पुढे दिल्लीच्या महाविद्यालयाला मिळाले. मुंबईत एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी महाविद्यालय १९६४ साली निघाले. आता विद्यार्थिनी वॉर्डात येई ती शिकण्यासाठी. निदान कागदावर तरी तसे ठरले.

त्या शिकण्याचा उपयोग काय? बाळंतपण सुखरूप झाले, घरचे पेढे आणायला गेले, आणि बाईचा रक्तस्राव थांबेना, असा प्रसंग घ्या. गर्भाशय सैल पडला आहे हे हाताला कळणे ही शरीररचना; नाडी जलद झाली म्हणजे काय घडते आहे हे ओळखणे ही शरीरक्रिया; आकुंचनाचे औषध किती व कसे द्यायचे हे औषधशास्त्र; बाईला धीर देत नातेवाइकांना आवरणे हे मानसशास्त्र. डॉक्टर येईतो मिनिटे जातात. त्या मिनिटांत खाटेपाशी परिचारिका असते, आणि चार वर्षांचे पाठ तिच्या दोन हातांत एकवटतात.

दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात आपण त्याची कणव आठवतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, हा तपशील मात्र ओझरता वाचतो. कणवेने त्याला त्या जखमी वाटसरूपर्यंत नेले; पण तिथे पोहोचल्यावर काय करायचे, हे त्याला ठाऊक होते. म्हणून यापुढे "चार वर्षे शिकायचे काय?" असे कोणी विचारले, तर त्या मुलीला बोलू द्यावे, आणि आपण तिचे सावकाश ऐकावे.