धान, विडी आणि १९४८चा एक कायदा

झाडीपट्टीतल्या शेतीविषयी लिहिताना मालगुजारी तलावांचा उल्लेख होतो, ते बांधणाऱ्या कोहळ्यांच्या कौशल्याचा होतो, धानाच्या वाणांचाही होतो. घरात बसून केलेल्या ज्या दुसऱ्या कामाने या शेतीला हातभार लावला, त्याचा मात्र सहसा होत नाही. ते काम म्हणजे विडी वळणे. शेतीबाहेरची मिळकत शेतीला आधार देते की शेतीचे हात पळवून नेते, हा प्रश्न आज अर्थशास्त्राचे अभ्यासक आकडेवारीनिशी मांडतात. आमच्या मुलखात तो एकदा थेट कायद्याच्या कलमांत उतरला होता आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला होता, हे आम्हांसही फार उशिरा कळले.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. बंगाल-नागपूर रेल्वे आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे गेलेला अरुंद लोहमार्ग यांमुळे गोंदिया हे जंक्शन झाले. तेंदूची पाने भोवतालच्या जंगलात होती, तंबाखू आगगाडीने येई आणि वळणारे हात खेडोपाडी होते. गुजरातेतून आलेल्या व्यापारी घराण्यांनी धंदा वाढवला. त्यांपैकी मनोहरभाई पटेल यांनी पुढे या भागात शिक्षणसंस्था उभ्या केल्या. आमच्याकडील उच्चशिक्षणाच्या पायात विडीचा पैसा आहे, हे आम्ही प्राध्यापक मंडळी सोयीने विसरतो.

या धंद्याचे शेतीशी नाते समजण्यासाठी वर्षाचा क्रम पाहिला पाहिजे. मोहफुले वेचायची ती मार्च-एप्रिलमध्ये, तेंदूपाने तोडायची ती मे महिन्याच्या आगेमागे. तेव्हा बांध्या कोरड्या पडलेल्या असतात; जंगलाची मिळकत आणि धान यांचे भांडणच नाही. विडीचे तसे नव्हते. ती बारमाही. ठेकेदाराकडून पाने, तंबाखू आणि सूत आणायचे, हजाराच्या हिशेबाने वळून द्यायचे, छाटणीत बाद ठरतील त्यांवर पाणी सोडायचे. म्हणजे रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत एकाच घरात, बहुधा एकाच बाईच्या हातावर, दोन कामांचा हक्क पोचे.

नेमक्या याच दिवसांवर तत्कालीन मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने बोट ठेवले. अन्नटंचाईचा काळ होता. 'अधिक धान्य पिकवा' मोहीम चालू होती. १९४८ साली सरकारने कायदा केला, त्याचा हेतू विडी उत्पादनाच्या भागात शेतीला पुरेसे मजूर मिळवून देणे हा होता. डेप्युटी कमिशनरने शेतीचा हंगाम ठरवावा, गावांची यादी काढावी. त्या गावांत राहणाऱ्या कोणीही त्या काळात विडी वळू नये आणि कोणत्याही कारखानदाराने त्यांना काम देऊ नये. कायदा सबंध प्रांताचा, अर्थात आमचा भंडाराही त्यात आला. खटला मात्र सागर जिल्ह्यातून उभा राहिला.

जून १९५०मध्ये तेथे बंदीचा आदेश निघताच एक कारखानदार आणि एक कामगार असे दोघे सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधान लागू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. सुनावणी होईतो पहिला हंगाम संपला. मग ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर या हंगामासाठी, म्हणजे ऐन कापणीच्या दिवसांसाठी, दुसरा आदेश आला. ८ नोव्हेंबर १९५० रोजी, हा हंगाम चालू असतानाच, न्यायालयाने बंदीची ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. 'चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश राज्य' हा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाजवी निर्बंधांची कसोटी म्हणून वाचतात. आम्हांस त्यातला एक तपशील अधिक मोलाचा वाटतो. शेतात उतरू न शकणारे अपंग, वृद्ध स्त्रिया आणि मुले फावल्या वेळी विड्या वळून मिळकतीत भर घालतात. त्यांनाही घरी बसवण्याचे कारण काय, असे न्यायालयाने विचारले.

सरकारची चूक येथे होती. जो हात विडी सोडील तो आपोआप चिखलात रोप लावील, असे त्याने धरले. पैशाच्या वाटेकडे त्याने पाहिले नाही, आणि न्यायालयाला ती पाहण्याची गरज पडली नाही. धानाचे पैसे वर्षातून एकदा येत, विडीचे आठवड्याला. बियाणे, रोवणीची मजुरी, नांगराचे भाडे हा खर्च पीक हाती येण्याच्या कितीतरी आधीचा. ज्या घरात विडी होती तेथे त्यातला काही भाग सावकाराच्या दारी न जाता भागे.

तरीही या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आमची तयारी नाही. घरात तांदूळ आहे म्हणून हजारामागचा दर कमी ठेवता आला आणि घरात विडी आहे म्हणून रोवणीची मजुरीही कमी ठेवता आली. दोन्ही मालकांना ती बाई स्वस्तात मिळाली. घरी बसून विडी वळणारा माणूस कायद्याच्या लेखी कामगार ठरण्यास १९६६ साल उजाडावे लागले. तंबाखूच्या धुळीचा खोकला तर कोणाच्याच हिशेबात नव्हता.

१९४८ची समजूत मात्र निकालाने संपली नाही. रोजगार हमीमुळे शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात अनेक वर्षे ऐकू येते. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो नवा कायदा केला, त्यात पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत, वर्षातून एकूण साठ दिवस, ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ते दिवस राज्यांनी ठरवायचे. सरकारने स्वतःचे काम थांबवणे आणि माणसाला त्याचा धंदा करू न देणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे, हे मान्य. पण रोवणीची मजुरी ठरवताना बाईला 'नाही' म्हणता यावे, एवढा आधार त्या दुसऱ्या कामाचा असतो, आणि दोन्ही वेळी नेमका तोच हंगामापुरता काढून घेतला जातो.

आमच्यापैकी काहींच्या घरी रोवणीच्या दिवसांतही विडीचे सूप उचलले जात नसे. दिवसभर चिखलात वाकून आलेली आई रात्री चिमणीच्या उजेडात ते मांडीवर घेई. पाण्याने भिजून बोटे मऊ झालेली असत, त्यामुळे सूत नीट बसत नसे, आणि त्या आठवड्याच्या छाटणीत बाद विड्या नेहमीपेक्षा जास्त निघत.