चांदीचा धागा आणि हृदयाचे ठोके: कार्डिओग्राम अंगावरच्या कपड्यात कसा आला?

"डॉक्टर, घरी धडधड होते, पण इथे आलं की कार्डिओग्राम नॉर्मल येतो." ही तक्रार मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो. यात रुग्णाची चूक नसते आणि मशीनचीही नसते. साधा कार्डिओग्राम हृदयाचे फक्त काही सेकंद टिपतो आणि धडधड मात्र रात्री दोन वाजता होते, नाहीतर शेतात कापूस वेचताना. मग हृदयावर दिवसभर लक्ष ठेवायचं कसं? या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात चांदीचा धागा दोनदा भेटतो.

पहिला धागा

माणसाच्या हृदयातली वीज शरीराच्या बाहेरून पहिल्यांदा नोंदवली ती १८८७ मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी. पण ती नोंद फार अस्पष्ट होती. हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी १९०१ च्या सुमारास नवं यंत्र तयार केलं. त्यात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये क्वार्ट्झचा अतिशय बारीक धागा ताणलेला असे आणि त्यावर चांदीचा मुलामा असे. हृदयाची वीज धाग्यातून गेली की तो हलायचा आणि त्याच्या सावलीचा फोटो निघायचा. यंत्राचं वजन होतं सुमारे २७० किलो आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा. या कामासाठी त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं.

रुग्ण खुर्चीवरून उठला

अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांना माणूस चालता-फिरताना कार्डिओग्राम हवा होता. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी पाठीवर घ्यायचं यंत्र बनवलं. त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो! पुढे ते खूप लहान झालं आणि १९६१ मध्ये त्यांनी ही पद्धत 'सायन्स' मासिकात मांडली. आज आम्ही "होल्टर लावा" म्हणतो ते त्यांच्याच नावानं.

अडचण एकच उरली, ती म्हणजे त्वचा. होल्टरच्या चिकट पट्ट्यांखाली जेल असतं. आपल्या यवतमाळच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे जाताना त्या पट्टीखाली घाम साचतो, खाज सुटते आणि पट्टी निघून येते. पट्टी निघाली की नोंद थांबते, आणि नेमकी तेव्हाच धडधड झाली तर ती हातची जाते.

दुसरा धागा

मग विचार पुढे आला की कपडाच पट्टीचं काम का करू नये? सुका कापूस वीज वाहून नेत नाही. त्यासाठी धातू हवा. आपल्या पैठणीच्या पारंपरिक जरीत रेशमी धाग्याभोवती चांदीची तार गुंडाळतात. आताच्या कपड्यांत बहुधा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा वापरतात. तो विणता येतो आणि हवाही खेळती राहते.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया टेक संस्थेत सुंदरेशन जयरामन यांच्या गटानं सैनिकांसाठी असा 'स्मार्ट शर्ट' बनवायला घेतला. गोळी कुठे लागली हे कळावं म्हणून त्यात प्रकाश वाहून नेणारे तंतू विणले होते. २०१७ मध्ये जपानच्या ताकाओ सोमेया यांच्या गटानं सोन्याची अतिसूक्ष्म जाळी थेट त्वचेवर बसवली. ती इतकी विरळ होती की घाम आरपार जाई. वीस जणांनी ती आठवडाभर लावली, तरी त्वचेला सूज आली नाही.

आपल्याकडेही काम झालं आहे. अंगावर यंत्र असताना माणूस हलला की नोंदीत 'गोंगाट' येतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २००७ मध्ये याच गोंगाटाचा उपयोग केला. माणूस चालतोय, जिना चढतोय की हात हलवतोय, हे त्यावरून ओळखण्याची पद्धत त्यांनी मांडली.

तुमच्या कामाचं

असे कपडे अजून घरोघरी आलेले नाहीत. वारंवार धुतल्यावर चांदीचा थर झिजतो. कपडा सैल झाला की नोंद बिघडते, आणि किंमतीचा प्रश्न आहेच. शिवाय अशा बहुतेक साधनांत एक-दोनच रेषा मिळतात. ठोके अनियमित आहेत का, हे पाहायला त्या उपयोगी पडतात. पण हार्ट अटॅकच्या तपासणीला बारा रेषांचा पूर्ण कार्डिओग्राम लागतो, आणि कधीकधी तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. धडधड येऊन-जाऊन होत असेल तर वेळ, किती मिनिटं टिकली आणि तेव्हा काय करत होता, हे वहीत लिहून आणा. होल्टर लावायचा की नाही, हे ठरवायला ती वही आम्हाला फार उपयोगी पडते. आणि छातीत दुखणं, दम लागणं, दरदरून घाम किंवा चक्कर असेल, तर घड्याळ किंवा पट्टा काय दाखवतो ते बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.