अव्वाचा एपीएम

मंडळी, गेले तीन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण आळस नव्हे (या वेळी तरी नव्हे!). कारण उजवं मनगट.

झालं असं की दिवसभर ऑफिसात कीबोर्ड, आणि रात्री जेवण झालं की एज ऑफ एम्पायर्स. हॉस्टेलवर लागलेलं व्यसन, नोकरी लागली तरी सुटलं नाही. यंदा रँक जरा वर सरकली आणि डोक्यात खूळ शिरलं, की आता आपला एपीएम वाढवायचा. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: एपीएम म्हणजे ॲक्शन्स पर मिनिट, मिनिटाला माउस आणि कीबोर्ड मिळून किती हालचाली करता त्याचा आकडा. नवखा माणूस पन्नासच्या आसपास असतो. माझा नव्वद होता. चार महिने रोज रात्री घासून तो दोनशेवर नेला. आणि मग एका रात्री अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊन जाग आली. हात झटकला, झोपलो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्याभरात चहाचा कप डाव्या हाताने उचलायला लागलो.

डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला, गेम बंद केला आणि ऑफिसचं काम "लागेल तेवढंच" करायला सांगितलं. रूममेट म्हणाला, "काय बे, गेम खेळून हात मोडला म्हणून घरी सांगणार?" सांगितलं. आणि घरी कुंभारीला जाऊन राहिलो.

आमचं कुंभारी म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारं, दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव. पण सोलापुरात कुंभारी म्हटलं की बऱ्याच जणांना आधी आठवतं ते विडी घरकुल. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था, दहा हजार घरं. माझी अव्वा (म्हणजे आजी, आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी) विडी कामगार, आई विडी कामगार, आणि मी त्यांच्या विड्यांवर इंजिनियर झालेला प्राणी.

अव्वाने माझा पट्टा बांधलेला हात उलटा करून बघितला आणि विचारलं, "किती वळत होतास रे?"

मी म्हटलं, "दोनशे. मिनिटाला."

तिने आईकडे बघितलं. दोघी हसल्या. मग अव्वाने स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटून दाखवली. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला. अंगठा अर्ध्यावरच थांबतो. तो तसाच आहे हे मी लहानपणापासून बघतोय, पण तो तसा *का* आहे हे कधी विचारलं नव्हतं, ही लाजेची गोष्ट इथे कबूल करतो.

सुट्टीच होती, म्हणून इंजिनियरच्या खोडीने आईसमोर बसून मोजायला लागलो. भिजवलेलं तेंदूचं पान घ्यायचं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कातरायचं, चिमटीने तंबाखू भरायची, अंगठा आणि दोन बोटांत वळायचं, दोऱ्याने बांधायचं, टोकं मुडपायची. माझ्या मोजणीने एका विडीला साधारण बारा हालचाली. अव्वा उमेदीत दिवसाला हजार विड्या वळायची. म्हणजे बारा हजार हालचाली. दोनशे एपीएमने मी एका तासात किती क्लिक करतो? बारा हजार!

म्हणजे आकडा सारखाच. पण दहा तासांना वाटला तर अव्वाचा एपीएम येतो अवघा वीस. गेममध्ये वीस एपीएमवाल्याला लोक हसतील. मग तिचा अंगठा का गेला? एक तर माउसचं बटण नुसतं टेकवायचं असतं, विडीला चिमटीचा जोर लागतो, आणि तो सगळा एकाच अंगठ्यावर. दुसरं म्हणजे वर्षं. वर्षाला तीनशे दिवस, अशी चाळीस वर्षं, हजाराच्या हिशेबाने एक कोटी वीस लाख विड्या होतात. आजारपणं, बाळंतपणं वजा करा, तरी कोटीच्या घरात. तेव्हा पहिला धडा: हात वेगाने जात नाही. जोर, एकच एक हालचाल आणि न थांबणं, या तिघांच्या गुणाकाराने जातो.

हा धडा काही नवा नाही. माउस धरता येत नव्हता म्हणून तीन आठवडे या विषयावर नुसतं वाचत बसलो, त्यातलं थोडं सांगतो.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य होता. कामगारांच्या आजारांवरचं त्याचं पुस्तक १७०० साली आलं आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर, म्हणजे कारकुनांवर, प्रकरण घातलं. त्याने कारणं दिली तीन: सतत बसणं, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. त्याच्या ओळखीच्या एका कारकुनाचा उजवा हात निकामी झाला. गड्याने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. थोड्याच काळात डावाही तसाच झाला. (डाव्या हाताने माउस वापरून गेम चालू ठेवायचा माझा बेत हे वाचून रद्द झाला.)

मग तार आली. तारायंत्रावर मोर्स पाठवणाऱ्यांचा हात दिवसभर एकाच बटणावर वरखाली. त्यांच्यात वेगाची चुरसही असायची, आपल्या एपीएमसारखीच. आणि त्यांचेही हात गेले. अमेरिकेत १९०४ साली होरेस मार्टिनने व्हायब्रोप्लेक्स नावाचं यंत्र पेटंट केलं. त्यात पट्टी वरखाली दाबण्याऐवजी आडवी ढकलायची, आणि एकदा ढकलली की टिंबांची रांग यंत्र आपोआप काढायचं. कमी हालचालीत जास्त अक्षरं. आजच्या गेमरच्या भाषेत सांगायचं तर हॉटकी! ब्रिटनमध्ये १९०८ साली तारवाल्यांच्या या हातदुखीचा समावेश नुकसानभरपाई मिळणाऱ्या आजारांच्या यादीत झाला. पण १९११ साली सरकारी समितीने अहवाल दिला, त्यात थकव्याच्या बरोबरीने बोट कुणाकडे दाखवलं? कामगाराच्या कमकुवत मज्जासंस्थेकडे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये हातदुखीची मोठी लाट आली, तेव्हाही हाच वाद झाला, की दुखणं खरं की मनाचं. तिथे त्याला 'कांगारू पॉ', म्हणजे कांगारूचा पंजा, असं थट्टेचं नाव पडलं होतं. ज्याचा हात दुखतो त्याच्यात काहीतरी खोट आहे, हे म्हणणं दर पिढीत नवीन कपडे घालून येतं.

आमच्या गेमच्या दुनियेतही तेच. स्टारक्राफ्ट १९९८ साली आला आणि दक्षिण कोरियात त्याच्या लीग टीव्हीवर दिसू लागल्या. तिथले व्यावसायिक खेळाडू तीनशेच्या वर एपीएमने खेळायचे. त्यांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक, 'फ्लॅश' या नावाने ओळखला जाणारा ली यंग-हो, याच्या उजव्या हाताची २०११ साली शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो विशीतही नीट पोचला नव्हता.

आता परत कुंभारीला येऊ, कारण माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान आपल्याकडचं आहे.

विडी कामगारांसाठी आपल्याकडे १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास अशी कामाची मर्यादा होती. पण ती कारखान्याच्या जागेत काम करणाऱ्यांना. घरी विडी वळणाऱ्या बाईच्या उंबऱ्याशी घड्याळ थांबायचं. तिला मजुरी हजार विड्यांच्या भावाने. किती तास बसलीस हे कुणी विचारत नाही, किती झाल्या एवढंच विचारतात. त्यातही तपासणीत ज्या नापसंत होतील त्या बाजूला, त्यांचे पैसे नाहीत. म्हणजे वेगही हवा आणि चूकही नको. रामाझ्झिनीची तीन कारणं आठवा, तिन्ही एका चटईवर बसलेली.

१९७७ साली विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. मालक मंडळी कोर्टात गेली. म्हणणं असं की घरी बसून वळणाऱ्या बायका आमच्या कामगारच नाहीत. त्या कधी बसतात, कधी उठतात यावर आमचा ताबा कुठे? १९८५ साली सुप्रीम कोर्टाने हे म्हणणं फेटाळलं. आणि कारण काय दिलं बघा: विडी तपासून नापसंत करायचा अधिकार मालकाकडे आहे, तोच ताबा. घरी काम केलं म्हणून ती कामगार नाही असं होत नाही. वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. अव्वा ज्या नापसंतीला आयुष्यभर शिव्या घालत आली, त्याच नापसंतीने तिला कायद्यात कामगार ठरवलं!

कामगार ठरणं म्हणजे नुसता कागद नव्हता. नरसय्या आडम, म्हणजे आमचे आडम मास्तर, यांच्या पुढाकाराने घरांसाठी लढा झाला तो विडी कामगार म्हणूनच. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई, तिघांच्या वाट्यातून घरं उभी राहिली आणि २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्यांचं लोकार्पण झालं. पुढे याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरा वेचणारे अशा लोकांसाठी. त्यातल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केलं. म्हणजे ज्या हातांना मूठ मिटता येत नाही, त्यांच्या नावावर इथे दारं आहेत.

असो. हात दुखणाऱ्या वाचकांसाठी (मेल करणारे तुम्ही बरेच आहात!) मी काय शिकलो ते थोडक्यात. वेग वाढवायचा तर आधी वायफळ हालचाल कमी करा. माझ्या दोनशेतले निम्मे क्लिक एकाच जागी उगाच ठोकलेले होते, ते सोडले तर खेळ जराही बिघडत नाही. अव्वाच्या भाषेत: "पान नीट भिजलेलं असेल तर जोर लागत नाही. जोर लावून वळणारीचा हात आधी जातो." माउस आवळून धरू नका, मनगट वाकडं टेकवून ठेवू नका, कळ आली की गेम अर्धा टाकून उठा. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. चार महिने थांबू नका, डॉक्टरकडे जा.

आणि मधे मधे थांबा. मी लॅपटॉपवर दर पंचवीस मिनिटांनी वाजणारं एक सॉफ्टवेअर टाकलंय. घरी ते वाजलं तेव्हा अव्वाने विचारलं हे काय. म्हटलं, थांबायची आठवण करून देतं.

"थांबल्याचे पैसे कापत नाहीत?"

नाही कापत. मला महिन्याचा पगार आहे. मी पाच मिनिटं खिडकीबाहेर बघितलं तरी पगार तेवढाच येतो. तिच्या पाच मिनिटांची किंमत आठ विड्या. हातदुखीवरचे सगळे लेख 'ब्रेक घ्या' म्हणून संपतात. तो सल्ला बरोबरच आहे, फक्त तो कुणाला परवडतो हे त्यात लिहिलेलं नसतं.

शेवटची गोष्ट. परत येण्याआधी आईलाही हट्टाने डॉक्टरकडे नेलं. तिचाही अंगठा हल्ली सकाळी आखडतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाई, काम काय करता?"

आई म्हणाली, "काही नाही, घरीच असते."

अव्वाकडे विडी कामगाराचं कार्ड, आईकडे प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, १९८५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दारावर संस्थेचा घर क्रमांक. आणि तरीही तोंडातून आलं ते हेच. मी मधे बोललो. म्हटलं, "डॉक्टर, विडी कामगार आहे. तीस वर्षं. रोजच्या सातशे-आठशे."

डॉक्टरांनी कागदावर पहिली ओळ खोडली आणि नव्याने लिहिली. मग तिचा अंगठा हातात घेऊन तपासायला लागले.

आई आता पाचशेवर थांबते म्हणाली आहे. बघू. फोनवर विचारतो तेव्हा मागून कात्रीचा आवाज येतच असतो. हा लेख टाइप करायला मला चार दिवस लागले, थांबत थांबत. पुढच्या रविवारी जमलं तर भेटू.