२९ वर्षं नागरिकत्व नाही, नंतर सात वर्षांत अमेरिकेत खासदार: कोण होते दलिप सिंग सौंद?

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकेच्या संसदेवर निवडून आले, तेव्हा मराठी घरांत त्याची बरीच चर्चा झाली. पण भारतात जन्मलेल्या माणसासाठी ही वाट पहिल्यांदा मोकळी केली ती पंजाबच्या दलिप सिंग सौंद यांनी, १९५६ साली. अमेरिकी संसदेचे पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेले ते पहिले आशियाई वंशाचे अमेरिकन आणि पहिले शीख.

गणितात पीएच.डी., काम मुकादमाचं

सौंद यांचा जन्म २० सप्टेंबर १८९९ रोजी अमृतसर जिल्ह्यात झाला. १९२० मध्ये ते शिकायला अमेरिकेत गेले आणि १९२४ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली.

तोवर दार बंद झालं होतं. त्या काळी बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्या किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळत असे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड (क्रांतिकारक भगतसिंग नव्हेत) यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की भारतीय माणूस 'गोरा' नाही. नागरिकत्व नाही म्हणजे मताचा हक्क नाही. शिवाय कॅलिफोर्नियात अशा लोकांना शेतजमीनही घेता येत नव्हती.

सौंद यांनी इम्पिरियल व्हॅलीत कापूस वेचणाऱ्या मजुरांवर मुकादमी केली. पुढे तिथेच ते शेती करू लागले.

आधी कायदा बदलला, मग निवडणूक

१९४० च्या दशकात त्यांनी इतर भारतीयांना सोबत घेऊन नागरिकत्वासाठी मोहीम चालवली. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायदा झाला. त्यानुसार वर्षाला फक्त १०० भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होता येणार होतं, पण आधीपासून राहणाऱ्यांना नागरिक होण्याची मुभा मिळाली. डिसेंबर १९४९ मध्ये सौंद अमेरिकेचे नागरिक झाले.

१९५० मध्ये वेस्टमोरलंड गावात ते स्थानिक न्यायाधीश म्हणून निवडून आले. मात्र नागरिक होऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून पद नाकारलं गेलं. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि जिंकले.

१९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते संसदेसाठी लढले. समोर होत्या जॅकलिन कॉक्रन, ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान उडवणारी जगातली पहिली महिला. चुरशीच्या लढतीत सौंद विजयी झाले.

संसदेतली कारकीर्द

सौंद परराष्ट्र व्यवहार समितीवर होते. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि त्याच वर्षी भारताचा दौरा केला. १९५८ आणि १९६० मध्येही मतदारांनी त्यांना निवडून दिलं. मे १९६२ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्या वर्षीची निवडणूक ते हरले. २२ एप्रिल १९७३ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतर भारतीय वंशाचा दुसरा खासदार, बॉबी जिंदाल, निवडून यायला २००४ साल उजाडावं लागलं.