लाल विंचू आणि संदर्भांची मोजदाद

वैज्ञानिकाचे काम किती मोलाचे, हे ठरवण्याची एक पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. त्याचे शोधनिबंध किती, आणि इतरांनी आपल्या निबंधांच्या शेवटी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, हे मोजायचे. ही मोजणी फार जुनी नाही. युजीन गारफील्ड या अमेरिकी गृहस्थांनी १९५५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात तिची कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांच्या संस्थेची संदर्भसूची निघू लागली. त्यांचा मूळ हेतू ग्रंथपालाला शोभेल असा होता : एखादी कल्पना पुढे कोणाच्या हाती गेली, याचा माग लागावा. माणसांना गुण देण्यासाठी या सूचीचा वापर होऊ लागला तो नंतर. आज महाविद्यालयातील बढतीही अशा आकड्यांवर अडते.

ही मोजपट्टी आपल्याकडच्या एका उदाहरणाला लावून पाहू. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे, म्हणजे आमच्या सेलूच्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती, विशेषतः लहान मुले. (विंचू आपल्यालाही नवा नाही. तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग उपसताना कोणाला तरी नांगी लागतेच. मात्र मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली, तरी जिवावर उठतो तो बहुधा लहानखुरा लाल विंचू.)

हा विंचू मारतो कसा? त्याचे विष चेतापेशींच्या पटलातील सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवते. चेतातंतू थांबेनासे होतात आणि ॲड्रिनलीन, नॉरॲड्रिनलीन यांचा रक्तात पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. बावस्करांजवळ प्रयोगशाळा नव्हती. रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपणे एवढेच त्यांच्या हाती होते. उलटी, दरदरून घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले, की पुढे हृदयावर संकट येणार, हे त्यांनी या नोंदींवरून दाखवले. तो निबंध १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

पुढची पायरी उपचाराची. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी तेव्हा वापरात होतीच. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप ज्या अल्फा-ग्राहींमार्फत पोचतो, त्यांनाच ती अडवते. म्हणजे विषाने जी गाठ मारली, नेमकी तीच ही गोळी सोडवते. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच बावस्कर आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी यांचे यावर एक छोटेखानी टिपण आले. त्यांच्या नोंदींनुसार पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस किंवा त्याहूनही अधिक दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आले.

आता संदर्भांकडे वळू. विंचूदंशावर लिहिणारे जगात किती? भारत, इस्रायल, ट्युनिशिया, ब्राझील, मेक्सिको अशा मोजक्या देशांतले थोडेसे लोक. सगळ्यांनी एकूणएक संदर्भ दिले, तरी बेरीज फार वाढणार नाही. उलट, 'नेचर'ने २०१४ मध्ये सर्वाधिक संदर्भित निबंधांची यादी काढली तेव्हा पहिला क्रमांक होता प्रथिने मोजण्याची रीत सांगणाऱ्या लाउरी यांच्या १९५१ च्या निबंधाचा. त्याचे संदर्भ तीन लाखांहून अधिक! रीत उपयुक्त आहे यात शंका नाही, पण ही संख्या मुख्यतः ती वापरून निबंध लिहिणारे किती, हे सांगते.

माझ्या मते अडचण येथेच आहे. संदर्भ देतो तो लिहिणारा. महाडचा, जिंतूरचा किंवा सेलूचा डॉक्टर रात्री दोन वाजता आलेल्या मुलाला प्राझोसिन देतो, मूल सकाळी चालत घरी जाते, आणि या उपयोगाची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही. शंभर डॉक्टरांनी असे केले तरी संदर्भ शून्यच. हृदयरोग किंवा कर्करोग यांवर काम करणाऱ्यांना वाचक-लेखकांचा मोठा समाज आयताच मिळतो. खेड्यातल्या आजाराला तो मिळत नाही. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण संदर्भसूचीला ती कळण्याचे कारण नाही.

मग शोधनिबंधांची यादी निरुपयोगी का? तसे नाही. ती वाचावी लागते, नुसती मोजून भागत नाही. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावस्कर दांपत्याचा आणखी एक निबंध आला. महाडला सत्तर रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटण्या केल्या होत्या. पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन दिले, पस्तीस जणांना प्राझोसिन आणि त्याबरोबर विंचवाचे प्रतिविष. दहा तासांनंतर दुसऱ्या गटातले बत्तीस जण पूर्ण बरे झाले होते, पहिल्यातले आठच. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, त्याला भर हवी हे त्याच लेखकांनी आकड्यांनिशी दाखवले. प्रतिविष हाताशी नसेल, तेथे प्राझोसिनची गोळी आजही दिली जाते.