नातं सिद्ध करणारे कागद

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय कोणताही चालेल, असं संपादक मंडळानं कळवलं, तेव्हा मी इतिहास निवडेन असं कुणाला वाटलं नसेल. दहावीनंतर मी इंजिनिअरिंगकडे वळले आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्येच आहे. पण हा विषय आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपनं दिला. दर दोन-तीन महिन्यांनी तिथे कुणीतरी विचारतं, ‘आईला भावाकडे परदेशी न्यायचंय, पण आईबाबांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही, काय करू?’ किंवा ‘माझ्या जन्मदाखल्यावर नुसतं "मुलगी" लिहिलंय, शाळा सोडल्याचा दाखला चालेल का?’ मग ज्यांनी हे सगळं केलंय ते सल्ले देतात : ॲफिडेव्हिट, गॅझेट, नोटरी, लग्नपत्रिका, लग्नाचा अल्बम.

आपल्या तुकडीतले बरेच जण आज परदेशात आहेत. त्यांतले काही नोकरीवर गेले, पण कितीतरी जणी कुणाची तरी पत्नी म्हणून गेल्या. आता आपल्यापैकी अनेकांचे आईवडील मुलांकडे जाण्यासाठी अर्ज करताहेत. या सगळ्यांना अर्जात एकच गोष्ट सिद्ध करावी लागते : आम्ही एकमेकांचे आहोत. हे सिद्ध करायला लावण्याची पद्धत कुठून आली, याचा मी थोडा शोध घेतला. त्यात आपल्या पुस्तकात न आलेला बराच इतिहास सापडला.

गांधीजींना मॅरित्झबर्गला गाडीतून उतरवलं, हे आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं. त्याच दक्षिण आफ्रिकेतली १९१३ सालची गोष्ट मात्र थेट आपल्या विषयाची आहे. पोर्ट एलिझाबेथला राहणाऱ्या हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिंदुस्थानातून तिकडे पोहोचली. त्यांचं लग्न मुस्लिम पद्धतीनं झालेलं होतं. तिला उतरू दिलं नाही आणि प्रकरण केपच्या न्यायालयात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला : ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनं झालेलं लग्न तिथल्या कायद्याच्या दृष्टीनं लग्न नव्हे. म्हणजे बाई मरियम ही कायद्यानं पत्नीच नव्हती. या एका निकालानं तिथल्या जवळजवळ सगळ्या हिंदू, मुस्लिम आणि पारशी संसारांवर प्रश्नचिन्ह लागलं. मायदेशी जाऊन परतणाऱ्या बायकामुलांना बंदरावरूनच माघारी पाठवता येणार होतं आणि वारसाहक्कही धोक्यात आला होता.

तोपर्यंतच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते ते पुरुष. हा अपमान बायकांचा होता आणि त्या पुढे आल्या. १५ सप्टेंबर १९१३ रोजी फिनिक्स आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात कस्तुरबांसह चार स्त्रिया होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडायची आणि अटक करून घ्यायची, असं ठरलं होतं. फोक्सरस्टला त्यांना पकडलं आणि २३ सप्टेंबरला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. तिकडे टॉल्स्टॉय फार्मवरच्या तमिळ स्त्रिया न्यूकॅसलच्या कोळसा खाणींवर पोहोचल्या आणि त्यांनी खाणकामगारांना संपाचं आवाहन केलं. करारमुक्त मजुरांवरचा तीन पौंडांचा कर आणि लग्नांना मान्यता या दोन मागण्या तिथे एकत्र आल्या. संप पसरला, हजारो मजूर मोर्चानं निघाले. सोळा वर्षांची वल्लिअम्मा तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली.

आपल्याकडचा धागाही यात आहे. ना. गोपाळ कृष्ण गोखले १९१२ साली स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते. संप पेटला तेव्हा प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी इथे लढ्यासाठी निधी उभा केला. शेवटी १९१४ च्या ‘इंडियन रिलीफ ॲक्ट’नं तो कर रद्द केला आणि एक पत्नी व तिची अज्ञान मुलं यांचं नातं मान्य केलं. एकच पत्नी, ही अट राहिली. पण कायद्याच्या कागदावर ती पुन्हा पत्नी झाली.

याच सुमारास कॅनडात वेगळी युक्ती वापरली जात होती. १९०८ च्या हुकुमाप्रमाणे मायदेशातून मध्ये न थांबता थेट प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश होता आणि हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. ‘हिंदी लोक नकोत’ असं कुठेही लिहावं लागलं नाही. व्हँकुव्हरच्या शीख समाजातले भाग सिंग आणि बलवंत सिंग १९१२ साली आपल्या बायकामुलांना घेऊन आले, तेव्हा त्यांनाही अडवलं. बरीच आरडाओरड झाल्यावर त्यांना राहू दिलं, पण हक्क म्हणून नव्हे, तर खास मेहेरबानी म्हणून, आणि पुढच्यांनी याचा दाखला देऊ नये असं बजावून. आधीपासून तिथे असलेल्यांना बायकामुलं आणण्याची सर्वसाधारण परवानगी १९१९ मध्ये मिळाली. मधल्या काळात ते पुरुष गिरण्यांमध्ये राबत एकेकटे राहिले.

ब्रिटनचा इतिहास आपल्या जन्माच्या आसपासचा आहे. १९६२ च्या कायद्यानं राष्ट्रकुलातल्या लोकांना मुक्त प्रवेश बंद झाला. तरी आधी गेलेल्यांच्या बायकामुलांना जाता येई. १९६९ पासून मात्र त्यांना आपल्या देशातूनच प्रवेश-दाखला घेऊन निघणं सक्तीचं झालं आणि त्यासाठी लांबलचक रांगा लागल्या. वाग्दत्त वधूला मात्र, तीन महिन्यांत लग्न करणार असेल तर, या दाखल्याची गरज नव्हती. म्हणून अधिकाऱ्यांना संशय, की रांग टाळायला विवाहित बायकाच वधू म्हणून येतात. २४ जानेवारी १९७९ रोजी हीथ्रो विमानतळावर पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली. ती खरोखर अविवाहित आहे का, हे ठरवण्यासाठी तिची कौमार्य तपासणी करण्यात आली. ‘गार्डियन’नं १ फेब्रुवारीला बातमी छापली, भारतात आणि ब्रिटनमध्ये संताप उसळला आणि ही पद्धत बंद करावी लागली. तेव्हा हा अपवादात्मक प्रकार असल्याचं सांगितलं गेलं. पुढे सरकारी फायली खुल्या झाल्यावर इव्हान स्मिथ आणि मारिनेला मार्मो या संशोधकांनी दाखवून दिलं की आपल्या उपखंडातल्या किमान ८० स्त्रियांना यातून जावं लागलं होतं.

मी विज्ञान शाखेची, म्हणून पुढचा प्रसंग मला विशेष वाटतो. डीएनए चाचणी म्हटलं की आपल्याला खून आणि कोर्ट आठवतं. पण तिचा पहिला उपयोग एका कुटुंबासाठी झाला. लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ठसे शोधून काढले. १९८५ मध्ये त्यांच्याकडे एका घानाई कुटुंबाचं प्रकरण आलं. घानाहून आईकडे परतलेला मुलगा तिचा नाहीच, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. वडील उपलब्ध नव्हते, म्हणून जेफ्रीज यांनी आई आणि तीन भावंडांचे नमुने तपासून वडिलांकडून आलेला भाग जुळवला. मुलगा त्याच घरातला ठरला आणि सरकारनं प्रकरण मागे घेतलं.

त्याच वर्षी आणखी एक निकाल लागला. ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला पत्नी आणणं सोपं होतं, स्थायिक स्त्रीला पती आणणं कठीण. तीन स्त्रिया युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि २८ मे १९८५ रोजी जिंकल्या. सरकारनं भेदभाव काढला खरा, पण स्त्रियांचे नियम सैल करून नव्हे, तर पुरुषांचे नियमही तितकेच कडक करून!

अमेरिकेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. १९६५ च्या कायद्यानं देशनिहाय जुना कोटा मोडला आणि कुटुंबाला अग्रक्रम दिला. नोकरीसाठी एच-वन-बी घेऊन जाणाऱ्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नसे. मीही पदवी बॅगेत ठेवून काही काळ या वर्गात काढला आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी २६ मे २०१५ पासून मिळू लागली. तिचा लाभ घेणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय स्त्रिया आहेत. ती परवानगी अर्ज, निवेदनं आणि स्वतःच्या कहाण्या जाहीरपणे सांगूनच मिळाली.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. नातं घरच्यांना माहीत असतं, गावाला माहीत असतं, पण परक्या टेबलावर ते कागदावर मांडावं लागतं आणि तो कागद बाईकडेच सर्वांत कमी असतो. आपल्या आयांच्या लग्नाला शंभर साक्षीदार होते, पण नोंद नव्हती. सर्वधर्मीय लग्नांची नोंद सक्तीची करा, असं सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं ते २००६ साली. शिवाय आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं आणि कुसुमची सुनंदा होते. पुढे पन्नास वर्षांनी कुसुम आणि सुनंदा एकच, हे नोटरीसमोर शपथेवर सांगावं लागतं.

अशा वेळी पुष्कळदा उपयोगी पडतो तो शाळेचा दाखला. माहेरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ हे सगळं त्यात असतं आणि तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून दिला जातो. म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्याच्या निधीतला काही भाग शाळेची जुनी जनरल रजिस्टरं स्कॅन करून नीट जपण्यासाठी ठेवावा. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर त्याची तांत्रिक बाजू मी विनामूल्य करून देईन. दोन सुट्ट्या आणि चार मदतनीस पुरतील. येणाऱ्यांनी मेळाव्याच्या दिवशी मला सांगावं. आणि घरी परतल्यावर आईच्या दाखल्याची एक प्रत आजच काढून ठेवावी.

(दहावी, १९९६ ची तुकडी)